‘लोडेड’ला मराठीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स करताना श्रीमंतीचे बोलीतले वाक्प्रचार सारखे अडतात. ‘हिज डॅड इज लोडेड’, ‘दे आर रेकिंग इट इन’ आणि ‘वुई हॅव टोमॅटोज कमिंग आउट ऑफ अवर इअर्स’ ही तीन वाक्यं तुम्ही दिलीत. सगळीकडे ‘खूप श्रीमंत’, ‘खूप पैसा’, ‘खूप टोमॅटो’ असंच लिहायचं का, की कुठल्या वाक्प्रचाराला मराठीत काय म्हणतात याचा एखादा तक्ता मिळेल, असं तुम्ही विचारलंत.

तक्त्याच्या मागे लागू नका. या कामात मी वीसहून जास्त वर्षं आहे आणि सुरुवातीला मीही वहीत दोन रकाने आखून तक्ता केला होता. एकाच इंग्रजी वाक्प्रचारासमोर मराठीचे सहा-सात पर्याय जमले आणि वेळेवर त्यातला नेमका कुठला घ्यायचा ते वही सांगेना. श्रीमंती किती आहे हे या वाक्प्रचारांत फारसं नसतंच. बोलणारा त्या श्रीमंतीकडे कुठल्या नजरेने बघतोय, ते त्यांत असतं. हेवा आहे, कौतुक आहे, तिरस्कार आहे की नुसती माहिती? हे आधी ठरवा, मग मराठी शब्द आपोआप समोर येतो.

‘लोडेड’ कोणाच्या तोंडी आहे ते बघा. कट्ट्यावरचा पोरगा मित्राबद्दल म्हणत असेल, तर ‘त्याचा बाप गब्बर आहे रे’. फ्लॅट विकणारा दलाल फोनवर सांगत असेल, तर ‘पार्टी मालदार आहे’. मुलीचं स्थळ बघून आलेली आई बहिणीच्या कानाशी लागली असेल, तर ‘घरचं गडगंज आहे हो’. तिघंही इंग्रजीत ‘लोडेड’च म्हणतील. आईच्या तोंडी ‘मालदार पार्टी’ घातलीत, तर त्या बाईचा स्वभावच बदलून जाईल. तुमच्या वाक्यात कॉलेजची मुलं बोलत असतील, तर ‘बाप गब्बर आहे त्याचा’ हे बसेल. सबटायटलच्या ओळीत बहुतेक ठिकाणी चाळीस-बेचाळीस अक्षरांची मर्यादा असते, त्यातही ते आरामात मावतं.

याच शब्दाने मला एकदा दोन दिवस अडवून ठेवलं होतं. अमेरिकन बोलीत ‘लोडेड’ म्हणजे दारू प्यायलेलाही. बारमधला प्रसंग होता. एक मैत्रीण दुसरीला कोपऱ्यातला माणूस दाखवून म्हणते, ‘ही इज लोडेड.’ दुसरी विचारते, कुठल्या अर्थाने? पहिली म्हणते, दोन्ही. ‘गब्बर’ लिहिलं की दारू जाते, ‘तर्र’ लिहिलं की पैसा जातो. शेवटी रिक्षात बसल्यावर कानावर आलं, ‘तो फुल्ल आहे, त्याला घरी सोड.’ तोच शब्द घेतला. ‘फुल्ल आहे तो.’ ‘दारूनं की पैशानं?’ ‘दोन्हींनी.’ इंग्रजीत ‘पैशानं’ हा शब्द नव्हता. मराठीत तो उघडपणे घ्यावा लागला, पण प्रसंग जसाच्या तसा उभा राहिला. असे शब्द कोशात क्वचित सापडतात, रस्त्यावर कान उघडे ठेवले की सापडतात.

‘फिल्दी रिच’ आणि ‘स्टिंकिंग रिच’ यांत घाण आणि दुर्गंधी आहे. इंग्रजीत पैशाला घाण चिकटली ती बायबलच्या भाषांतरापासून. विल्यम टिंडेलने १५२६ साली नवा करार इंग्रजीत आणला, त्यात अनीतीने मिळवलेल्या पैशाला ‘फिल्दी लुकर’ म्हटलं आहे. विसाव्या शतकात ‘फिल्दी रिच’ रुळलं, तोवर पापाचा अर्थ बराच फिकट झाला होता, तरी बोलणाऱ्याचं नाक थोडं मुरडलेलं राहिलं. आपल्याकडेही पैसा आणि मळ एकत्र येतात, पण उलट्या बाजूने. ‘पैसा काय, हाताचा मळ’ असं म्हणणारा माणूस पैशाला क्षुल्लक ठरवतो. आज आहे, उद्या धुतला जाईल. त्यात श्रीमंताचा तिरस्कार नाही. म्हणून ‘फिल्दी रिच’साठी मळाच्या वाटेला जाऊ नका. तिरस्कार हवा असेल, तर मराठी तो ‘माज’ या शब्दात ठेवते: ‘पैशाचा माज आहे नुसता.’ आणि बोलणारा नुसता थक्क झाला असेल, नाक मुरडत नसेल, तर ‘बेसुमार पैसा’ पुरतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधलं बोलणं आहे. तिथे भरपूर पैसा असलेल्या माणसाबद्दल म्हणतात, ‘ही इज नॉट शॉर्ट ऑफ अ बॉब ऑर टू.’ बॉब म्हणजे शिलिंग. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने दशमान नाणी आणली आणि पौंडाचे वीस शिलिंग हा हिशेब संपला, पण वाक्प्रचारात शिलिंग अजून खुळखुळतो. शब्दशः अर्थ ‘एक-दोन शिलिंगांची वाण नाही’ एवढाच. खरा अर्थ, भरपूर राखून आहे. नवशिके भाषांतरकार इथे ‘त्याच्याकडे थोडेफार पैसे आहेत’ असं लिहितात आणि बंगला, दोन गाड्या असलेला माणूस बिचारा होऊन जातो. आपल्याकडे हे नेमकं याच ढंगात बोललं जातं. ‘दोन पैसे बाळगून आहे.’ ‘चार पैसे गाठीला आहेत त्याच्या.’ माझे आजोबा गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराबद्दल एवढंच म्हणायचे, ‘बरं आहे त्याचं.’ ऐकणाऱ्याला काय ते कळायचं. आपल्या बोलण्यातही मेलेली नाणी जिवंत आहेत. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तरी खरी गोष्ट अजून ‘सोळा आणे’ खरी असते.

रकमांच्या टोपणनावांकडे मात्र जपून. इंग्रजीत ‘ग्रँड’ म्हणजे हजार पौंड किंवा हजार डॉलर. त्या शब्दाला कसलाही वास नाही, घराला नवं छत घालणारा कारागीरही ‘पाच ग्रँड’ म्हणतो. हे बघून कोणी ‘पेटी’ आणि ‘खोका’ वापरायला जातं. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, पण या शब्दांना सुपारीचा, हप्त्याचा, लाचेचा वास आहे. २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी पन्नास खोक्यांची घोषणा दिली आणि त्यानंतर तर लहान पोरालाही खोका म्हणजे काय ते कळतं. गुन्हेगारी मालिकेत जरूर वापरा. छताच्या कारागिराला सरळ ‘पाच हजार पौंड’ म्हणू द्या. लंडनच्या बोलीत पंचवीस पौंडांना ‘पोनी’ आणि पाचशेंना ‘मंकी’ म्हणतात. हिंदुस्थानातल्या नोटांवर घोडा आणि माकड होतं, ते गोऱ्या सैनिकांनी तिकडे नेलं, अशी एक गोष्ट इंटरनेटवर फिरते. अशा नोटा छापल्याचा काही पुरावा नाही, तेव्हा तळटीप द्यायची वेळ आली तर ही गोष्ट लिहू नका.

‘वेल-हील्ड’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण इथे माझ्या डोळ्यांदेखत चूक छापून गेली आहे. भाषांतरं तपासण्याच्या कामावर असताना प्रवासविषयक एका लेखात ‘वेल-हील्ड टूरिस्ट्स’ आले होते. लेख घाईत आला, माझ्याकडून ते पान वाचायचं राहिलं आणि मराठीत ‘उंच टाचांचे बूट घालणारे पर्यटक’ असं छापलं गेलं. म्हणायचं होतं ‘सधन पर्यटक’. इंग्रजीत टाच दोन्हीकडे चालते. टाच झिजलेला बूट म्हणजे ‘डाउन ॲट हील’, दारिद्र्य. टाच शाबूत म्हणजे ‘वेल-हील्ड’, सधन. मराठीत टाच गरिबीच्याच वाट्याला आली आहे, ‘टाचा घासत मेला’. म्हणून श्रीमंतीसाठी टाचेचं चित्र सोडून द्यावं लागतं. ‘वेल-हील्ड’ला ‘सुखवस्तू’ हा शब्द जवळचा. त्याहून घरगुती हवं असेल तर ‘खाऊनपिऊन सुखी’, पण तो एक पायरी खाली आहे हे लक्षात असू द्या.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषांचं चित्र इतकं जुळतं की हात लावायची गरज नसते. ‘रोलिंग इन इट’ म्हणजे ‘पैशात लोळतोय’. आणि तुमचं दुसरं वाक्य, ‘दे आर रेकिंग इट इन’. रेक म्हणजे बागेतला पाचोळा ओढायचं दाताळं. आपण दाताळ्याऐवजी खोरं घेतो: ‘खोऱ्याने पैसा ओढतायत.’ दोन्ही अवजारं आपल्याकडे ओढायची आहेत, आणि दोन्हींत ‘आत्ता ओढणं चालू आहे’ हे आहे. म्हणून हा वाक्प्रचार साठवलेल्या संपत्तीला लावू नका. वडिलोपार्जित इस्टेटीवर बसलेला माणूस पैशात लोळेल, खोऱ्याने ओढणार नाही. नवं हॉटेल जोरात चाललेला ओढेल.

रागावणं आलं की वाक्याचा घाटच बदलतो. ‘मनी डझन्ट ग्रो ऑन ट्रीज’ हे इंग्रजीत सरळ विधान आहे. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २१ सप्टेंबर २०१२ ला देशाला उद्देशून केलेल्या भाषणात डिझेलच्या दरवाढीची कारणं देताना तेच वापरलं होतं. मराठी घरात हे विधान म्हणून कोणी बोलत नाही, प्रश्न म्हणूनच येतं: ‘पैसे काय झाडाला लागतात?’ ‘मेड ऑफ मनी’ इंग्रजीतही बहुधा प्रश्नातच येतो, त्याला आपल्याकडे ‘माझ्याकडे काय टांकसाळ आहे?’ तयार आहे. आणि ‘मनी टु बर्न’ला जाळायला जाऊ नका. आपल्याकडे पैसा दुधासारखा उतू जातो. पोराने तिसरे बूट मागितले की आई म्हणते, ‘पैसा उतू चाललाय का?’ किंवा ‘पैसे वर आलेत का?’ त्यात दूध वाया जाण्याची हळहळ आहे, ती जाळण्यात नाही.

झाडाचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. ज्या इंग्रजीत पैसा झाडाला लागत नाही, त्याच इंग्रजीत एकेकाळी पैशाचं झाड होतं आणि ते आपल्या देशात होतं. दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्याला, ज्याला आपण होन म्हणतो, इंग्रज ‘पॅगोडा’ म्हणायचे. कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात येऊन झटपट पैसा करण्याला ‘शेकिंग द पॅगोडा ट्री’, पॅगोड्याचं झाड हलवणं, असं म्हटलं जाई. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीच्या, १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तो वाक्प्रचार नोंदलेला आहे. असा पैसा करून मायदेशी परतलेल्याला तिकडे ‘नेबॉब’ म्हणत, म्हणजे आपला नबाब. आणि ‘लूट’ हा शब्द तर अखंडच इंग्रजीत गेला. आज अमेरिकन पोरगं वाढदिवसाच्या भेटींनाही ‘लूट’ म्हणतं. अठराव्या शतकावरच्या मालिकेत ‘पॅगोडा ट्री’ आला, तर गुळगुळीत करू नका. ‘होनांचं झाड हलवून आला’ असं ठेवा. तो आपल्या लुटीचा इतिहास आहे, आपल्या वाचकाला तो दिसला पाहिजे.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या जोडीकडे येते. अमेरिकन बोलीतले अचानक श्रीमंतीचे कितीतरी शब्द खाणीतून आले आहेत. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात कोलोमा इथे सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोनं दिसलं आणि पुढच्या वर्षी जगभरातून माणसं लोटली. नदीतली माती परातीसारख्या पसरट भांड्यात घेऊन पाण्यात फिरवायची, हलकी माती वाहून जाते, जड सोनं तळाला राहतं. त्या भांड्यावरून ‘पॅन आउट’ म्हणजे फळाला येणं. धुण्याची मजुरी सुटेल इतकं सोनं जिच्यात आहे ती माती ‘पे डर्ट’. १८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉक इथे चांदीची मोठी शिरा सापडली आणि १८७३ साली तिथेच जो प्रचंड साठा लागला, त्याला ‘बिग बोनान्झा’ म्हणू लागले. बोनान्झा हा मूळ स्पॅनिश खलाशांचा शब्द. समुद्र शांत, हवा अनुकूल, जहाज हाकायला उत्तम वेळ, तो बोनान्झा. वादळ म्हणजे ‘बोरास्का’. खाणकामगारांनी दोन्ही शब्द जमिनीखाली नेले: माल लागला की बोनान्झा, नुसता दगड लागला की बोरास्का.

आपल्याकडे याला शब्द आहे ‘घबाड’. ‘घबाड मिळालं’, ‘घबाड हाती लागलं’. आता घरातलं पंचांग उघडा. एखाद्या दिवसापुढे ‘घबाड’ लिहिलेलं सापडेल. तो शुभ योग आहे, काम हाती घ्यायला चांगला मानलेला काळ. म्हणजे स्पॅनिश खलाशाने समुद्रावरच्या चांगल्या वेळेला जे नाव दिलं, ते चांदीच्या ढिगाला लागलं. आपल्या जोशीबुवांनी आकाशातल्या चांगल्या वेळेला जे नाव दिलं, ते पैशाच्या ढिगाला लागलं. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच रस्त्याने चालल्या. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी शेजारच्या टेबलावर सांगायला गेले होते. दिवाळीच्या जाहिरातीतला ‘बोनान्झा’ तसाच राहू द्या, तो आता मराठीच झाला आहे. पण पात्राच्या तोंडी आला तर ‘घबाड’ वापरा. जुगाराचा संदर्भ असेल तर ‘लॉटरी लागली’, आणि गिरणगावातल्या जुन्या माणसाच्या तोंडी ‘आकडा लागला’.

‘विंडफॉल’ मात्र बोनान्झासारखा वागत नाही. वाऱ्याने आपोआप पडलेलं फळ, काही न करता मिळालेलं, म्हणून अनपेक्षित लाभ. हे चित्र कोकणात नेऊन बघा. एप्रिलच्या शेवटी वारा सुटला आणि रात्रभर हापूस गळला, तर सकाळी बागायतदार काय चेहऱ्याने उठतो? मार लागलेला आंबा पेटीत भरता येत नाही. त्याच्यासाठी तो वारा वर्षाचं नुकसान असतो. म्हणून ‘वाऱ्यावर पडलेलं फळ’ असं चित्र उचलून आणू नका. वारसा किंवा बक्षीस असेल तर ‘अनपेक्षित धनलाभ’, बोलीत ‘आयतं घबाड’. बातमीतला ‘विंडफॉल टॅक्स’ वेगळा. युक्रेन युद्धानंतर तेलाचे भाव भडकले आणि १ जुलै २०२२ पासून आपल्याकडेही तो कर लागला, डिसेंबर २०२४ मध्ये गेला. त्याला ‘आकस्मिक नफ्यावरचा कर’ म्हटलं की वाचकाला कळतं.

‘ग्रेव्ही ट्रेन’ म्हणजे फारसे कष्ट न करता पैसा मिळत राहण्याची जागा. तिला फार वेळ घालवू नका, ‘चराऊ कुरण’ आहे. फक्त वाक्य उलटं करावं लागतं. इंग्रजीत माणसं त्या गाडीत बसलेली असतात, मराठीत योजना किंवा खातं हे कुरण असतं. ‘सल्लागार ग्रेव्ही ट्रेनवर आहेत’ याचं ‘सल्लागारांना ही योजना चराऊ कुरणच मिळाली’. ‘कॅश काउ’ म्हणजे दुभती गाय. एवढंच बघा की मराठीत ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण मागे उभी असते, त्यामुळे आपल्या शब्दात थोडं सोसणंही येतं.

‘सिल्व्हर स्पून’ला सगळे ‘तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मला’ लिहितात. चुकीचं नाही. तिकडे बाप्तिस्म्याला चांदीचा चमचा द्यायची पद्धत, आपल्याकडे उष्टावणाला चांदीची वाटी-चमचा, म्हणून तो इथे रुजला. पण ‘गर्भश्रीमंत’ हा शब्द जवळ असताना चमचा कशाला? इंग्रज जन्माच्या क्षणापासून श्रीमंत, आपला माणूस आईच्या पोटातच श्रीमंत, आणि पाच अक्षरांत काम होतं. नव्याने पैसा आलेल्यासाठी ‘नवश्रीमंत’ ठीक आहे. पुण्याच्या आसपास जमिनी विकून पैसा आलेल्याला ‘गुंठामंत्री’ म्हणतात. शब्द चटकदार आहे, पण अमेरिकन सॉफ्टवेअरवाल्याला लावू नका, त्याच्याकडे गुंठे नाहीत. शिवाय ज्या शेतकऱ्याची जमीन गेली, त्याला तो बोचतो, हेही मनात असू द्या.

राहिली नुसती विपुलता. इथे एक फरक पाळा: भरपूर आहे म्हणून आनंद, की भरपूर आहे म्हणून किंमत नाही? ‘गलोर’ हा आयरिश भाषेतून आलेला शब्द नामाच्या मागे लागतो आणि आनंदाचा आहे, तिथे ‘रेलचेल’ किंवा ‘लयलूट’. ‘डाइम अ डझन’ आणि ब्रिटिश ‘टू अ पेनी’ यांत किंमत गेलेली आहे, तिथे ‘पैशाला पासरी’. पासरी म्हणजे पाच शेर. एका नाण्यात किती माल, हाच हिशेब तिन्हींमध्ये आहे: ‘असे सल्ले देणारे पैशाला पासरी मिळतात.’

तुमचे टोमॅटो या दोन्हींत बसत नाहीत. कानातून बाहेर येतायत म्हणजे इतके झालेत की जीव नकोसा झाला. तुम्ही लिहिलंय की ती बाई परसातली दुसरी पाटी शेजारणीच्या ओट्यावर ठेवत हे बोलते. मग तिला बोलू द्या: ‘घे गं, वीट आलाय आम्हाला टोमॅटोंचा.’ ‘खूप’ हा शब्द कुठेही लागत नाही, पाटी पडद्यावर दिसतेच आहे.